आमचा बँड शांत होतो

आमचा बँड वाजत होता तोवर बिल्डिंगमध्ये शांतता होती. लोक तक्रारी करत, नाही असं नाही, पण त्या ठरलेल्या तक्रारी होत्या. शनिवारी संध्याकाळी आम्ही बिल्डिंगखालच्या आमच्या घरच्या गॅरेजचं शटर खाली ओढायचो, मी ड्रममागे बसायचो आणि पहिला ठोका पडला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू धाडकन खिडकी लावायच्या. हे इतकी वर्षं चाललं होतं की एखाद्या शनिवारी खिडकी लागली नाही तर मी वर बघायचो, काकूंची तब्येत बरी आहे ना म्हणून. खरी भांडणं सुरू झाली ती आम्ही वाजवणं बंद केल्यावर.

बँडचं नाव ‘कडकडाट’. आम्ही चौघं. गिटार वाजवतो तो दंतवैद्य, त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, आणि बँडचा पुढारीही तोच, कारण त्याच्यासमोर तोंड उघडून गप्प बसायची सवय आम्हा सगळ्यांना आहे. गातो तो शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर. कीबोर्डवर माझा मेव्हणा. मेव्हणा म्हटल्यावर त्याला बँडमध्ये का घेतलं हे वेगळं सांगायला नको. आणि ड्रमवर मी. ऑफिसात मी विम्याचे दावे तपासतो, म्हणजे ते का देता येत नाहीत हे लोकांना सौम्य शब्दांत कळवतो. दिवसभर सौम्य राहणं सोपं नसतं. समोरचा टेबलावर मूठ आपटतो आणि आपण म्हणायचं, “आपली भावना समजू शकतो.” त्या सगळ्या समजून घेतलेल्या भावना मी शनिवारी ड्रमवर उतरवायचो. वाजवणं फार चांगलं होतं असं मीही म्हणणार नाही, पण जोरात होतं आणि माझं होतं.

डॉक्टरच्या दवाखान्यात दात कोरायचं मशीन घरघरायला लागलं की बाहेर बसलेले पेशंट उठून जायचे. त्यावर उपाय म्हणून त्याने कुठूनसं एक परदेशी संगीत आणून लावलं. त्यात गाणं नव्हतं, ताल नव्हता. शेजारच्या खोलीत फ्रीज चालू असावा तसा एक हुंकार, आणि मधूनच कुठेतरी नळ गळतोय. डॉक्टर त्या संगीताने पार बदलून गेला. एका शनिवारी गिटार पिशवीतून न काढताच त्याने आम्हाला समोर बसवलं.

“लोक कसं ऐकतात माहितीये?” तो म्हणाला. “डोळे मिटून, तोंड उघडं टाकून. अशी दाद आपल्याला कधी मिळाली?”

“खुर्चीत बसल्यावर का?” मी विचारलं.

“हो, खुर्चीतच.”

“भूल दिल्यावर?”

“मुद्दा तो नाहीये,” डॉक्टर म्हणाला. “आपण इतकी वर्षं आवाज केला. आता वातावरण करायचंय.”

मग त्याने गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत ओल आलेली आहे. ती दुरुस्त करावी म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मागे लागलो होतो, आणि सेक्रेटरी प्रत्येक वेळी ती ओल आतून आली आहे की बाहेरून हा प्रश्न माझ्याकडेच परत पाठवत होते. डॉक्टर त्या ओलीकडे असा बघत होता की जणू तो तिला पहिल्यांदा भेटतोय. नवीन अल्बमचं नाव ‘ओल’, असं त्याने तिथेच जाहीर केलं. आणि भिंतीला आता कोणी हात लावायचा नाही, ती आपली प्रेरणा आहे, असंही सांगितलं. ही बातमी सेक्रेटरींना कळली तेव्हा त्यांना कलेबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

कामं वाटली गेली. मास्तरने यापुढे शब्द म्हणायचे नाहीत, फक्त श्वास सोडायचा. मास्तरला ते फार जड गेलं, कारण ज्या माणसाने आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत नद्यांची नावं पोचवली, तो श्वाससुद्धा मागच्या बाकापर्यंतच सोडणार. मेव्हण्याने कीबोर्डवर एकच सूर धरायचा होता. पहिल्या दिवशी त्याने बोटाने धरला, दुसऱ्या दिवशी कपड्याचा चिमटा लावून धरला आणि हातात चहा घेतला. डॉक्टर स्वतः गिटारच्या तारांवर दात घासायचा इलेक्ट्रिक ब्रश फिरवायला लागला. त्यातून जो आवाज निघत असे त्याने माझी अक्कलदाढ ठणकायची, पण ती माझी वैयक्तिक अडचण होती.

“आणि ड्रम?” मी विचारलं.

“ड्रमला आपण विश्रांती देऊ.”

“किती वेळ?”

“अल्बमभर.”

मी भांडलो नाही. समजूतदार माणसाचं हेच नुकसान होतं. मी म्हटलं, मी हळू वाजवतो. काठ्यांना कापूस गुंडाळला, झांजेवर टॉवेल टाकला आणि मांजराने पाय ठेवावा इतक्या हलक्या हाताने वाजवून दाखवलं. डॉक्टरने डोळे मिटून ऐकलं आणि खेदाने मान हलवली. “ठोका ऐकू येतोय,” तो म्हणाला. “ठोका आला की माणूस मोजायला लागतो. मोजायला लागला की वातावरण गेलं.”

ड्रम घरी नेला. चौथ्या मजल्यापर्यंत तो वर चढवताना मेव्हण्याने मला मदत केली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. बेडरूमच्या कोपऱ्यात तो मांडला, आणि आठवड्याच्या आत त्याच्यावर इस्त्रीचे कपडे बसले. झांजेला बायकोने दोन हँगर अडकवले.

“मग आता शनिवारी खाली जाऊन काय करणार?” तिने विचारलं.

“शांतता.”

“ती घरात बसूनही करता येते,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मला बँडमधून काढलं नव्हतं, हे मी तिला आणि स्वतःला वारंवार सांगत होतो. उलट मला पद मिळालं होतं. मी आता वातावरणप्रमुख होतो. या पदावरून मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, कारण वातावरण हा त्याच्या विषयाचा भाग आहे आणि आपल्याला डावललं गेलं असं त्याला वाटलं. प्रमुख म्हणून माझं काम एकच: अल्बमच्या शेवटच्या तुकड्यासाठी शांतता उपलब्ध करून देणं.

हा शेवटचा तुकडा म्हणजे डॉक्टरच्या डोक्यातलं शिखर होतं. त्यात कोणीच काही वाजवणार नव्हतं. रिकाम्या गॅरेजमध्ये माइक ठेवायचा, शटर अर्धं उघडं ठेवायचं, आणि गॅरेजची स्वतःची शांतता तासभर टिपायची. एक अट होती. जे टिपलं जाईल ते जसंच्या तसं अल्बममध्ये जाणार, त्यातलं काहीही कापायचं नाही. “दिवसभर मी कापाकापीच करतो,” डॉक्टर म्हणाला. “संगीतात तरी नको. हे तत्त्व आहे.”

आता आमच्या बिल्डिंगमध्ये तासभर शांतता मिळवणं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच कळेल. गॅरेजच्या बरोबर वर एक पहिलवान राहतो, तो व्यायाम झाला की वजनं जमिनीवर ठेवत नाही, सोडतो. लिफ्टचा दरवाजा लागताना किंचाळतो. पाण्याचा पंप सुरू होताना खोकतो आणि बंद होताना उसासा टाकतो. आणि काकू फोनवर बोलतात, त्या पलीकडच्या माणसाला फोनशिवायही ऐकू जावं अशा.

मी दारोदार गेलो. आतापर्यंत लोक माझ्या दारी यायचे, आवाज बंद करा म्हणून. आता मी त्यांच्या दारी गेलो, त्यांनी आवाज बंद करावा म्हणून. याला तोंड लागतं, आणि माझ्याकडे ते नाही.

“तुम्ही आम्हाला गप्प बसायला सांगताय?” पहिलवान म्हणाला. तो रागावला नव्हता, त्याला खरंच नीट समजून घ्यायचं होतं. “तुम्ही?”

काकूंनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांच्या सासऱ्यांच्या आजारपणाची गोष्ट सांगितली. गोष्टीचा अर्थ एवढाच होता की ते आजारी असताना अख्खी बिल्डिंग चिडीचूप होती. “आजारी माणसासाठी लोक काहीही करतात हो,” त्या म्हणाल्या. “पण धडधाकट माणसाला कशाला हवी शांतता?”

सेक्रेटरींनी नियमांची फाइल काढली. ते वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि अजूनही समोरच्याकडे तराजूतली वस्तू असल्यासारखं बघतात. आवाज करू नये असा नियम आहे, पण शांतता पाळावी असा नाही, असं त्यांनी मला समजावलं. दोन्हींत फरक काय, असं मी विचारलं. “पहिल्यात तुम्ही दोषी असता,” ते म्हणाले. “दुसऱ्यात आम्ही दोषी होऊ. वरून परवानगी आणा, मग बघू.”

वरून म्हणजे सरकारी कार्यालयातून. तिथे ध्वनिक्षेपकाच्या परवानग्यांची एक खिडकी आहे. कारकुनाने मान वर न करता विचारलं, “आवाज किती राहील?”

“अजिबात नाही.”

“मग परवानगी कशाला?”

“इतरांनी आवाज करू नये म्हणून.”

“ती परवानगी नाही, तक्रार झाली. समोरच्या खिडकीत जा.”

समोरच्या खिडकीतल्या बाईंनी तक्रार कुणाविरुद्ध आहे ते विचारलं. मी म्हटलं, अजून कुणी आवाज केलेला नाही, पण करतील. त्या म्हणाल्या, मग त्यांना करू द्या, मग या. नंतर त्यांनी माझा पत्ता विचारला, तो ऐकून जरा थबकल्या, आणि आतल्या साहेबांना हाक मारून म्हणाल्या, “साहेब, ते ड्रमवाले आलेत.” साहेब स्वतः बाहेर येऊन मला बघून गेले. मी त्या कार्यालयात इतका प्रसिद्ध आहे याची मला कल्पना नव्हती. ऑफिसात मला माझ्याच मजल्यावरचे लोक ओळखत नाहीत.

हे सगळं मी बँडला सांगितलं तेव्हा डॉक्टर, मास्तर आणि मेव्हणा तिघांनी त्यातलं एकच वाक्य उचललं: आजारी माणसासाठी लोक काहीही करतात. मग तिघांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

“मीच का?” मी विचारलं.

“बाकी सगळ्यांना काम आहे,” मेव्हणा म्हणाला. “मला रेकॉर्डिंगचं मशीन बघायचंय, भाऊजी. तुम्ही काय, मोकळेच आहात.”

हे वाक्य मला लागलं. ते खरं होतं म्हणून जास्त लागलं. पण बँडमध्ये राहायचं असेल तर बँडसाठी काहीतरी करायला हवं, आणि वाजवू देत नसतील तर निदान पडून राहावं, असा मी विचार केला. हा विचार आज मी लिहून काढतोय तेव्हा तो किती केविलवाणा आहे ते दिसतं. तेव्हा तो मला त्याग वाटला होता.

डॉक्टरने सेक्रेटरींना गाठून सांगितलं की मला मज्जातंतूंचा गंभीर थकवा आला आहे आणि रविवारची सकाळ अत्यंत नाजूक आहे, जराही आवाज झाला तर काही सांगता येत नाही. दंतवैद्याला मज्जातंतूंचं काय कळतं असं सेक्रेटरींनी विचारल्यावर तो म्हणाला, “सुरुवात हिरडीतून झाली.” सेक्रेटरींनी लगेच फळ्यावर सूचना लावली. बायकोने मात्र खोटं बोलायला साफ नकार दिला. “मी कुणाला आजारी आहेत असं सांगणार नाही,” ती म्हणाली. “विचारलं तर सांगेन, पडून आहेत. ते तर दिसतंच आहे.”

आणि रविवारी जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पहिलवानाने वजनं गादीवर ठेवली, तीही दोन्ही हातांनी. सेक्रेटरींनी स्वतः जाऊन लिफ्ट बंद केली आणि पंपाचा फ्यूज काढला, त्यामुळे लोक पाण्याच्या कळशा हातात घेऊन जिना चढत होते, आणि कोणी कुरकुर करत नव्हतं. काकूंनी फोन बंद करून ठेवला. लोक चपला हातात घेऊन मला बघायला येत होते. कुजबुजत्या आवाजात सल्ले देत होते: डोकं पूर्वेला करा, लसूण उशीखाली ठेवा, ऑफिसचा विचार सोडा. पहिलवानाने माझा पाय चादरीवरून हलकेच दाबला आणि गेला. काकू माझ्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे टिपत बाहेर पडल्या.

मला खरंच भरून आलं. ज्यांचे शनिवार मी इतकी वर्षं नासवले, ती माणसं माझ्यासाठी पायऱ्यांवर चवड्यांवर चालत होती. आपण यांना ओळखलंच नाही, असं वाटत राहिलं. कोपऱ्यात इस्त्रीच्या कपड्यांखाली माझा ड्रम होता. माझी बोटं आपोआप पलंगाच्या कडेवर वाजायला लागली, आणि मी ती दुसऱ्या हाताने धरून ठेवली. थोड्या वेळाने बायको थर्मास भरून खाली गेली.

‘ओल’ तयार झाला. शेवटचा तुकडा मेव्हण्याने न ऐकताच अल्बमला जोडला. शांतताच ती, तिच्यात ऐकायचं काय? डॉक्टरनेही ऐकला नाही, कारण ती पहिल्यांदा सगळ्यांबरोबर ऐकायची असं त्याने ठरवलं होतं. मास्तरने तर आपण ती मनातल्या मनात ऐकली आहे असं सांगितलं. आता मी बरा झाल्याच्या आनंदात आणि सहकार्याबद्दल आभार म्हणून गॅरेजमध्येच अल्बमचं पहिलं श्रवण ठेवायचं ठरलं. अख्ख्या बिल्डिंगला बोलावलं. चहा आणि बिस्किटं होती, त्यामुळे अख्खी बिल्डिंग आली. मला वातावरणप्रमुख म्हणून मशीनचं बटण दाबायचं काम दिलं होतं.

पहिले तुकडे लोकांनी सभ्यपणे सहन केले. मास्तरचा श्वास सुरू झाला तेव्हा काकूंनी शेजारणीला, “दम्याचं बघायला हवं यांना,” असं सांगितलं. टूथब्रशच्या वेळी पुढच्या रांगेतल्या तिघांनी गालाला हात लावला. आणि मग डॉक्टर उभा राहून म्हणाला, “आता शेवटचा तुकडा. ही आपल्या गॅरेजची शांतता. ती आपण सगळ्यांनी मिळून घडवली आहे.”

मी बटण दाबलं. जवळजवळ तासभर खरंच काही नव्हतं, लोक चहा-बिस्किटांवर बसून राहिले. मग पावलं आली, आणि मग अगदी स्पष्ट, कानाशी बोलावं तसा सेक्रेटरींचा आवाज आला.

“मग या गॅरेजचं पुढे काय होणार?”

“असं बोलू नये हो,” हा काकूंचा आवाज.

“बोलत नाहीये, नुसतं विचारतोय. माझी गाडी उन्हात असते.”

“माझा नंबर आधी आहे,” हा पहिलवान. “मी मागेच सांगून ठेवलंय.”

“चेहरा फार उतरलाय,” काकू म्हणत होत्या. “मी बघितलेत असे चेहरे. आमच्या सासऱ्यांचा अगदी असाच झाला होता.”

“मग?” सेक्रेटरींच्या आवाजात आशा होती. “गेले का?”

“नाही, त्यानंतर पुष्कळ वर्षं होते.”

“अरेरे,” सेक्रेटरी म्हणाले.

मी वर बघितलं. गॅरेजमध्ये कोणी हलत नव्हतं. पहिलवानाच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून गेलं होतं आणि तो रिकामी बोटं कपात धरून बसला होता. सेक्रेटरी ओलीकडे बघत होते, ती आतून आली आहे की बाहेरून हे ठरवत असल्यासारखे. डॉक्टरचा चेहरा मात्र एका बाजूने खुलला होता. शेजाऱ्यांची फजिती झाली याचं त्याला तितकंसं वाईट वाटलं नसावं. तेवढ्यात मशीनमधून त्याचाच आवाज आला. यंत्र तासाने आपोआप बंद होईल असं मेव्हण्याने सांगितलं होतं. ते झालं नव्हतं, आणि तिघं गॅरेजमध्ये परत आले होते.

“झालं एकदाचं,” डॉक्टर म्हणत होता. “छान पडून राहिला बिचारा.”

“पुढच्या अल्बमला त्याचं काय करायचं?” मास्तर.

“ड्रम नको म्हणजे नको. पण गॅरेज हवंय. गॅरेज आहे तोवर तो बँडमध्ये आहे.”

“भाऊजींचं मी बघतो,” माझा मेव्हणा. “एखादं पद दिलं की खूश होतात.”

डॉक्टर खुर्चीवरून उठला आणि मशीनकडे यायला लागला. “बंद कर,” तो हळूच म्हणाला. “यंत्रात काहीतरी बिघाड आहे. हा भाग आपण काढून टाकू.”

मी मशीनसमोर उभा राहिलो. आवाज ऑफिसातला निघाला, सौम्य. “आपली भावना समजू शकतो, डॉक्टर,” मी म्हटलं. “पण कापाकापी करायची नाही. तत्त्व आहे.”

तो तिथेच थांबला. लोकांमधून कोणीतरी खाकरलं. मशीनमध्ये थर्मास खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि बायको बोलायला लागली. ती पहिल्या रांगेत बसली होती, ती एकदम ताठ झाली.

“चहा आणलाय.”

“ताई, भाऊजी कसे आहेत?”

“कसे असणार? धडधाकट माणसाला तुम्ही झोपवून ठेवलंय.”

इथे अख्ख्या गॅरेजने माझ्याकडे मान वळवली. सेक्रेटरींच्या डोळ्यांत पहिल्यांदा थोडा जीव आला. मी खाली बघितलं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

“तुम्हा तिघांना एक सांगते. इतकी वर्षं मी त्यांचा ड्रम ऐकलाय. मला तो कधी आवडला नाही, आजही आवडत नाही. पण शनिवारी बडवून वर यायचे तेव्हा ते माझ्याशी बोलायचे, हसायचे, कधीकधी भांडायचे. आता ऑफिसातून येतात ते ऑफिसातलेच येतात. मी काही म्हटलं तर मला म्हणतात, तुझी भावना समजू शकतो.” थोडा वेळ नुसते कप वाजत राहिले. “त्यांचा ड्रम त्यांना परत द्या. नाहीतर दुसरी जागा बघा. गॅरेज माझ्या नावावर आहे.”

यानंतर मशीनमधून ती शांतता मिळाली, जिच्यासाठी डॉक्टरने एवढा खटाटोप केला होता. कोणी काही वाजवत नव्हतं, कोणी काही बोलत नव्हतं. गॅरेजमध्येही नाही. दोन्हींतली कुठली शांतता अल्बममधली आणि कुठली आमची, हे सांगता येत नव्हतं. मला मात्र तिच्यात काही सौंदर्य दिसलं नाही. मला लाज वाटत होती, राग येत होता, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी इतकं बरं वाटत होतं की मी बायकोकडे बघू शकत नव्हतो. माझं ते ऑफिसातलं वाक्य मी तिच्यावरही वापरत होतो, हे मला माहीतच नव्हतं.

“तू मला हे कधी बोलली नाहीस,” मी म्हटलं.

“तुम्ही विचारलं नाहीत,” ती म्हणाली. ती उठली, पदर खोचला आणि पहिलवानाकडे वळली. “वर चला. ड्रम खाली आणायचाय. लिफ्टमध्ये मावत नाही, उचलावा लागेल.”

पहिलवान कप खाली ठेवून जिन्याकडे निघाला. त्याच्यामागे मेव्हणा गेला, मास्तर गेला. सेक्रेटरी क्षणभर तिथेच उभे राहिले, मी लोकांना फसवलं आहे याबद्दल काही नियम काढता येईल का असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग त्यांना बहुतेक ‘अरेरे’ आठवलं. तेही जिना चढले, आणि मोठा ड्रम दोन्ही हातांनी पोटाशी धरून, एकेक पायरी चाचपत खाली आले. काकूंनी झांजेवरचे हँगर काढून स्वतःच्या हातात घेतले. माझ्या खोट्या आजाराबद्दल मला त्या दिवशी कोणी जाब विचारला नाही, आणि त्यांच्या खऱ्या बोलण्याबद्दल मी त्यांना विचारला नाही. सभ्य लोकांत असंच असतं.

मी ड्रममागे बसलो. काठ्यांवरचा कापूस सोडला. समोर अख्खी बिल्डिंग खुर्च्यांवर बसलेली, आणि उठून जायची कुणाची हिंमत नव्हती. डॉक्टरने गिटार मांडीवर घेतली, टूथब्रश खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “कुठून सुरू करायचं?”

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. बायकोने खुर्ची जरा मागे सरकवली, दोन्ही कानांत बोटं घट्ट घातली, आणि मानेनेच मला खूण केली, करा सुरू.